माझं अस्तराचं पॅराशूट

मी एक जुनं रॉकेट आहे. मित्रांनो, दचकू नका. चंद्राबिंद्रावर जाऊन आलेलं नव्हे. हातभर उंचीचं, पुठ्ठ्याच्या नळीचं, खोक्यातून सुट्या भागांत आलेलं. पण मला कोणी खेळणं म्हटलं की डोकं फिरतं. खेळण्याच्या पोटात दारू ठासून त्याला वात लावतात का कधी?

माझा जन्म शिवणाच्या टेबलावर झाला. घरात दोघीच. आई बाहेरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. मुलगी तेरा वर्षांची, अंगाने काटकुळी, म्हणून तिला सगळे सुतळी म्हणत. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला तिच्या हाती दिलं आणि सांगितलं, "ज्याचं रॉकेट वर जाऊन शाबूत खाली येईल, तो रॉकेटांच्या मोठ्या मेळाव्याला जाईल. पहिल्यांदा फसलं तर पुढच्या रविवारी आणखी एक संधी. त्यानंतर नाही."

सुतळीने सूचनांचा कागद तीनदा वाचला. हलक्या लाकडाचे तीन पंख तिने पॉलिशपेपरने घासले आणि एकेक सरळ धरून चिकटवला. डिंक वाळेपर्यंत तिने कोणाला टेबलाला हातसुद्धा लावू दिला नाही. आईला चार दिवस मांडीवर कापड घेऊन हातशिलाई करावी लागली, पण ती कुरकुरली नाही. लेकीचं काहीतरी चाललंय, याचंच तिला कौतुक होतं.

आता माझी रचना सांगतो. शेपटीत इंजिन असतं. ते पेटलं की मी वर जातो. वर पोचलो की पोटात आणखी एक छोटा बार होतो. त्याने माझं नाक निघतं, आतलं पॅराशूट बाहेर पडतं आणि मी हळूहळू खाली येतो.

खोक्यातलं पॅराशूट पातळ प्लॅस्टिकचं होतं. आईने ते चिमटीत धरलं.

"हे पॅराशूट? भाजीची पिशवी बरी यापेक्षा! कडा तरी दुमडायची होती मेल्यांनी."

"असंच असतं गं आई."

"असू दे. आपल्या घरातलं कोणीतरी पहिल्यांदा आभाळात चाललंय. उघड्या कडेने नाही पाठवायची मी."

तिने त्याच्या दोऱ्या सोडवल्या, नमुन्यासाठी प्लॅस्टिक कापलं आणि उरलेल्या निळ्या अस्तराचं नवं पॅराशूट शिवलं. कडेला दुहेरी दुमड, प्रत्येक दोरीखाली ठिगळ. काय देखणं झालं होतं म्हणून सांगू! पण घडी घालून माझ्या पोटात बसवताना सुतळीला अंगठ्याने रेटावं लागलं. माझा जीव गुदमरला. सुतळीच्या कपाळाला आठी पडली.

"बसलं ना नीट?" आईने विचारलं.

"एकदम छान!" सुतळी म्हणाली.

पहिल्या रविवारी मैदानावर मी सुळकन वर गेलो. ती मजा काय सांगावी! मग पोटातला बार झाला, पण पॅराशूट हलेना. बाराचा जोर उलटा फिरला आणि इंजिनच शेपटीतून बाहेर फेकलं गेलं. मी नाक खाली करून जो आलो, तो थेट जमिनीत. नळी चेचली, एक पंख मोडला.

सुतळी धावत आली. मला उचललं, माझ्या पोटात पाहिलं आणि सगळ्यांसमोर ओरडली, "आई, तुला कोणी सांगितलं होतं शिवायला? तुझ्यामुळे पडलं!"

 आईने माझे तुकडे गोळा करून पिशवीत घातले. मला माझ्या मोडक्या पंखापेक्षा तिचा चेहरा जास्त लागला.

दोन दिवस घरात फक्त मशीन बोलत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सुतळी शाळेतून आली, तर आई मला मांडीवर घेऊन बसलेली. गळ्यातली टेप तिने माझ्या तोंडावर धरली होती.

"एवढीशीच जागा होय आत?" ती पुटपुटली. "इतकी वर्षं शिवतेय. गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापलं, असं आजवर झालं नव्हतं बघ."

सुतळीने दप्तर खाली टाकलं. "आई, घट्ट होतंय हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं बाई?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि मैदानात बोललीस ते गोड लागलं होय मला?" आई म्हणाली आणि दोघी रडायला लागल्या. मी मधल्या मध्ये भिजलो. पुठ्ठ्याला पाणी चालत नाही, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

मग कामाला लागल्या. सुतळीने चेचलेली नळी दोन बोटं कापली आणि नवा पंख लावला. माझ्या पोटातली जागा आता आणखी कमी झाली. आईने ब्लेड घेऊन स्वतःची दुहेरी दुमड उसवली, ठिगळं काढली. कात्री कडेपाशी नेऊन ती जराशी थांबली. मग दुमडीची पट्टी तिने कापूनच टाकली. घड्या चिकटू नयेत म्हणून पॅराशूटला अंगाची पावडर चोळून सुतळीने ते आत ठेवलं आणि शेपटीकडून फुंकर मारली. ते फट्कन आईच्या तोंडावर आलं. केवढ्या हसल्या दोघी!

दुसऱ्या रविवारी नवं इंजिन घालून मी वर गेलो, बार झाला, नाक निघालं आणि निळं अस्तर माझ्या डोक्यावर उघडलं. कडेचे सुटे धागे वाऱ्यावर फरफरत होते. मी सावकाश उतरलो, पंखाला ओरखडाही न येता.

बाईंनी पॅराशूट हातात घेतलं. "कडा शिवायच्या राहिल्या वाटतं?"

"राहिल्या नाहीत," आई ताठ मानेने म्हणाली. "मापाने शिवलंय."

मोठ्या मेळाव्याला आम्ही तिघं गेलो. बक्षीस मिळालं नाही, खोटं कशाला बोलू? नंतर मी फळीवर गेलो. सुतळी शिकायला दूर गेली. माझ्यावर धूळ बसते. आई कधीतरी फडकं मारते, कधी विसरते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून पुसत जा. आणि एक ऐका. तुमच्यासाठी कोणी जीव ओतून काही केलं आणि ते बसत नसेल, तर तोंडदेखलं "छान" म्हणू नका. हळू आवाजात सांगा, पण वेळेवर सांगा. नाहीतर तुम्ही दोघं गप्प राहता आणि नाकावर आपटतं तिसरंच कोणीतरी.