क्लचवरचा पाय

मी एक स्वस्तातली छोटी मोटार बोलतेय. इंदूरच्या मल्हारगंजात, गल्लीच्या तोंडाशी उभी असते. माझं इंजिन अजून ठणठणीत आहे. खोट होती ती क्लचमध्ये, आणि ती माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

चिंतामणराव कारकुनीतून रिटायर झाले, साठाव्या वर्षी गाडी शिकले आणि मला घेऊन आले. माणूस सोन्यासारखा, पण डावा पाय क्लचवरून उचलेल तर शपथ! "गल्लीत कब कोण आडवं येईल, काय भरोसा?" असं मुलीला, ऋजुताला, सांगायचे. त्या पायाचा अंगठा वाकडा होता, म्हणून सगळा भार पेडलच्या उजव्या कडेवर पडायचा. क्लचची प्लेट माझी झिजायची आणि बोलणी खायचा बिचारा गिअर.

गेल्या चैत्रात ते गेले. ऋजुता महूच्या शाळेत शिकवते, ती मला चालवू लागली. तिची सवय चांगली. गिअर बदलला की पाय खाली चटईवर. पहिल्याच दिवशी तिने पाय काढला, पण पेडल पुरतं वर आलंच नाही. उजव्या कडेवर ओळखीचा भार होता. मोटारीच्या अंगावर काटा येत नाही म्हणतात. माझ्या आला.

वर्षभरात तीन प्लेटा जळाल्या. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं जागच्या जागी. परदेशीपुऱ्याचे मेकॅनिक गोपीनाथ वैतागले. "ताई, तुम्ही क्लचवर पाय धरूनच चालवता. प्लेट तर जळणारच ना!"

"नाही हो भिया, कसम से! बसून बघा."

ते शेजारी बसले आणि भर दुपारी तिच्या पायांकडे बघत राहिले. तिचे दोन्ही पाय जागच्या जागी होते. पेडल मात्र बोटभर दबलेलं होतं. पुढच्या सिग्नलला ते उतरले.

"काढून टाका ही गाडी," एवढंच म्हणाले आणि पायी निघून गेले.

रविवारी भंगारवाला येणार असं ठरलं. मला भारी भीती वाटली. मला काही एवढ्यात मरायचं नव्हतं. शनिवारी शाळेतून परतताना चढावर मी पुन्हा अडकले. मागून हॉर्न वाजू लागले. ऋजुताला रडू फुटलं.

"बाबा, पाय काढा ना," ती म्हणाली. "मला येते आता गाडी. खरंच येते."

पेडल हळूहळू वर आलं. मी तो पूल पिसासारखी चढून गेले. कितीतरी महिन्यांनी माझा जीव हलका झाला होता.

शेजारच्या सीटवर कोणी पट्टा न लावता बसलं की मी वाजते, ती माझी घडणच आहे. पूल उतरल्यावर मी वाजू लागले. सीटवर कोणी नव्हतं, पण गादी खाली दबली होती.

ऋजुताने मला कडेला घेतलं. मग हात लांबवून तिने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. माझं वाजणं थांबलं.

भंगारवाला आल्या पावली परत गेला. आता प्लेट शाबूत आहे, गिअर लोण्यासारखे पडतात. एकच विनंती आहे. महूच्या रस्त्यावर ऋजुता भेटली, तर तिच्याकडे लिफ्ट मागा, पण बसा मागच्या सीटवर.