बोर्डासमोर नागोराव

नागोराव फौजेतनं नाईक म्हणून सुटला आणि गोडदेवला राहायला आला, तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची पेटी, दोन मेडलं आणि बिघडलेला उजवा खांदा होता. सिक्कीमला तोफेचं सामान पाठीवर घेऊन बर्फात घसरला आणि खांदा सांध्यातनं निघाला. तिथल्या डॉक्टरनं बसवला, पण नंतर दोनदा परत निघाला. आता हात छातीच्या वर जायचाच नाही. त्याची बायको वैजयंता रोज सकाळी त्याला शर्टाची बाही चढवायची आणि संध्याकाळी उतरवायची. चाळीतल्या बायका हसायच्या. पण वैजयंताचं तोंडही काय कमी नव्हतं. "तुमचे नवरे उघडेच फिरतात, तुम्हाला काय कळणार," बोलायची.

जवळच हाटकेशला स्टीलच्या डब्यांच्या एका गाळ्यावर तो वॉचमन होता. सकाळी शटर उघडायचं, संध्याकाळी पाडायचं. डावा हात आणि गुडघा लावून कसंतरी करायचा. शेठ वाईट माणूस नव्हता, पण धंदा तो धंदा. एक दिवस बोलला, "नागोरावभाई, शटर आधा खुलता है, माल पूरा कैसे निकलेगा? दिवाली के बाद दूसरा आदमी देखना पडेगा."

फौजेच्या साध्या पेन्शनीत खोलीचं भाडं सुटायचं, पोट नाही भरायचं. खांद्यासाठी अपंगत्वाची वेगळी पेन्शन मिळू शकते म्हणून त्यानं फौजी डॉक्टरांचा मेडिकल बोर्डही करून घेतला होता. त्याचं उत्तर दिवाळीच्या सात महिने आधी आलं, सगळं इंग्रजीत. वैजयंता ते पत्र आणि नवरा, दोघांना घेऊन मागच्या बिल्डिंगमधल्या लवूकडे गेली. लवू रत्नागिरीचा. तोही फौजेतलाच, हवालदार क्लार्क होता. त्याच्या घरी अजून टाइपरायटर होता आणि त्यावर तो देव्हाऱ्यासारखं कापड घालून ठेवायचा.

"नामंजूर," लवू चष्मा सरकवून बोलला. "वीस टक्के अपंगत्व लागतं. तुझं त्याच्या खाली लिहिलंय."

"खाली?" वैजयंता भडकली. "ह्यांना केस विंचरता येत नाहीत, भाऊ."

"थांबा वहिनी. नागोराव, बोर्डापुढं काय बोललास तू?"

"काय बोलणार? कर्नल साब बसले होते. कैसे हो विचारलं. ठीक हूँ साब, बोललो."

"आणि हात?"

"ऊपर करो बोलले. केला."

"केलास?"

"दात आवळले आणि केला. तीन साब बघत होते."

"आणि घरी येऊन दोन दिवस डाव्या हातानं जेवला हा माणूस," वैजयंता बोलली.

लवूनं पत्र मांडीवर ठेवलं. "अरे, तिथं काय सव्वीस जानेवारीची परेड होती? त्यांनी लिहिलंय बघ, तक्रार नाही, हात वर जातो. तुझा अर्ज तूच फेटाळलास की रे."

नागोरावनं पत्र उचलून त्याची घडी घातली. हा गप्प बसला की वैजयंताला डोकं आपटावंसं वाटायचं. भिंतीवर नाही, त्याच्यावर.

अपील करायला सहा महिने होते. लवूनं पेटीतले सगळे जुने कागद मागवले, त्यातनं सिक्कीमच्या इस्पितळाची पिवळी पडलेली चिठ्ठी शोधली आणि तीन संध्याकाळी बसून अपील टाइप केलं. वैजयंतानं पैशाचं विचारलं तर बोलला, "परत विचारलंत तर मशीन झाकीन." तिनं धपाटे आणि ठेचा नेऊन दिला. तो मात्र त्यानं झाकला नाही.

पावसाळा सरताना दुसऱ्या बोर्डाची तारीख आली. लवूनं बजावलं, "वहिनी, ह्याची तयारी करून घ्या. नाहीतर हा परत ठीक हूँ बोलून येईल."

मग वैजयंता डॉक्टर झाली. पेटीवर बसायची, पदर खोचायची. "कैसे हो?"

"ठीक हूँ साब."

"दुखता है क्या?"

"नहीं साब."

"अहो, तुमच्या जिभेला कोणी भरती करून घेतलंय का? मी तुमची बायको आहे, मला तरी सांगा."

आठ दिवस हेच. नवव्या दिवशी ती रडकुंडीला आली, तेव्हा तो हळूच बोलला, "वैजू, सारखा सिक रिपोर्ट करणाऱ्याला पलटणीत कामचोर बोलायचे. आणि त्या दिवशी माझ्या पुढं महिपत होता. मी घसरलो तर खांदा गेला. तो घसरला तर खाली दरीत गेला. त्याच्या आईला मी काय सांगू, माझा खांदा दुखतो म्हणून?"

वैजयंता पेटीवरनं उठली. त्यानंतर तिनं तयारी घेतली नाही.

बोर्डाच्या दिवशी लष्करी इस्पितळात ती दाराबाहेरच्या बाकावर बसली. दाराला पडदा होता. आतनं एक जाडा, थकलेला आवाज आला, "हाँ नाईक साहब, कैसे हैं?"

"ठीक हूँ साब."

आत जायचं नाही असं लवूनं तिला दहादा सांगितलं होतं. ती गेली.

"साब, ये झूठ बोलता है," ती बोलली. तिचं हिंदी गोडदेवच्या भाजीवाल्यापुरतंच होतं. "हर बार झूठ बोलता है. अच्छा आदमी है, पण झूठ बोलता है."

शिपाई तिला बाहेर काढायला धावला. मधे बसलेल्या कर्नलनं हातानंच त्याला थांबवलं. पिकलेल्या मिशांचा माणूस होता. तो नागोरावला फक्त म्हणाला, "शर्ट उतारिए."

नागोरावनं डाव्या हातानं बटणं सोडली, डावी बाही काढली. आणि मग रोजच्या सवयीनं, तीन साहेबांसमोर, वळून वैजयंताकडे पाठ केली आणि उभा राहिला. तीही सवयीनं पुढं झाली.

"रुकिए, बाई," कर्नल बोलला. "रोज ये उतारती हैं?"

नागोरावचे कान लाल झाले.

कर्नलनं पेन खाली ठेवलं. खुर्चीतनं उठला, समोर येऊन उभा राहिला आणि परत विचारलं, "नाईक साहब, मैं फिर से पूछ रहा हूँ. कैसे हैं?"

नागोरावनं तोंड उघडलं, मिटलं. मग एकदम बोलला, "साब, दर्द होता है. छह साल से होता है." आणि मग थांबेचना. शटर सांगितलं, रात्रीची कूस सांगितली, बर्फ सांगितला, महिपत सांगितला. कर्नल उभ्या उभ्या ऐकत राहिला. मग त्यानं स्वतः तो हात धरला आणि अगदी हळू वर नेला. छातीपाशी नागोराव कळवळला, तिथंच कर्नल थांबला. बाजूचा डॉक्टर लिहीत होता.

दिवाळीच्या आधी पाच दिवस पत्र आलं. लवूनं उभ्यानंच वाचलं. "तीस टक्के. नोकरीतली दुखापत म्हणून मंजूर." परत वाचलं, आणि चष्मा काढून नागोरावला मिठी मारली, डाव्या बाजूनं.

वैजयंता लवूच्या घरनं हलेना. "भाऊ, मशीन उघडा. साहेबांना आभाराचं लिहायचंय."

"बोर्डाला कोण आभार लिहितं, वहिनी? आणि साहेबांचं नाव तरी माहितीये का?"

"नाही माहिती. मिशीवाले साहेब लिहा."

लवू हसला, पण कापड काढलं, कागद चढवला. "सांगा, काय लिहू? पेन्शन दिलीत म्हणून आभार?"

"पेन्शन सरकारनं दिली," ती बोलली. मग मशीनजवळ सरकली आणि बोलली, "लिहा, साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा तर सगळेच विचारतात."

लवूनं ते इंग्रजीत कसं बसवायचं म्हणून खूप वेळ डोकं खाजवलं. नागोराव बाजूला उभा राहून बघत होता. कागद निघाला तेव्हा त्यानं तो डाव्या हातानं घेतला, पेन मागितलं आणि खाली सावकाश सही केली. त्याच्या शेजारी वैजयंतानंही केली.