विस्तवाच्या पहाडावरची गाडी

बेबीच्या पाठचा देवानंद जन्मला ते त्रेसष्ट साल. माय बाळंतीण, खाटेवर पडलेली, घरभर ओव्याच्या शेकाचा वास, आणि पाच वर्षांच्या बेबीकडे बघायला कोणाला सवड नाही. म्हणून तिच्या बाबांनी, केवलरामनं, तिला सायकलीच्या दांड्यावर बसवलं आणि पहाडावरच्या आगगाडीत फिरवून आणलं.

बेबीताईंजवळ बाबांचं म्हणून एवढंच होतं. दोन वर्षांनी केवलराम काविळीनं गेला. त्याचा चेहरा आता फोटोतला, आवाज तर आठवतच नाही. पण ती गाडी आठवते. काळं इंजिन, त्याच्या छातीवर झेंडूचे हार. धापा टाकत ते पहाड चढतं. बाबांचा हात पोटाशी घट्ट. वर पोचल्यावर खाली दिवेच दिवे, आणि पहाडाच्या अंगावरून उतरणारी विस्तवाची नदी. लाल, संथ, गुळाच्या पाकासारखी जड. मग हातात बुंदीचा पुडा आणि सायकलीवरच लागलेली झोप.

भिलाईतल्या कोहक्याच्या घरात या गोष्टीची थट्टा ठरलेली.

"ताई, सायकलीनं पहाडावर गेली होती म्हणते! भिलाईहून?" देवानंद डिवचायचा. "पहाड गाठता गाठता टायर नसतं का झिजलं?"

"तू तवा पाळण्यात मुतून राहिला होता. तुले काय ठाऊक?"

माय होती तेव्हा तीही हात झटकायची. "मी बाळंतीण, मले का दिसे? सपन पडलं असंल पोरीले."

पुढं त्याच मायचं डोकं उतारवयात हळूहळू रिकामं झालं. आधी ती न घडलेल्या गोष्टी सांगू लागली. क्वार्टरच्या दारात म्हैस बांधली होती म्हणे, ती कोणी सोडली? आणि एक दिवस बेबीताईंच्याच हातून भाताचा घास घेताना तिनं विचारलं, "बाई, तू कोणाची?" तो प्रश्न बेबीताईंच्या मनातून कधी गेला नाही.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात नात उन्नती बारावी पास झाली. मोहित, बेबीताईंचा मुलगा, भिलाईच्या पोलाद प्लांटात रेल मिलमधे आहे. त्यानं सगळ्यांना उटीला नेलं. "चल आई," तो म्हणाला, "तुझी गाडी एकदाची दाखवूनच टाकतो."

उटीची ती पहाड चढणारी गाडी खरंच देखणी होती. निळे डबे, वाफेचं इंजिन, आणि तेही पुढं नाही, मागून ढकलणारं. चढणीवर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी, तिच्यात चाक अडकवत गाडी मुंगीच्या चालीनं वर जायची. बोगदा आला की डब्यातली पोरंटोरं कल्ला करायची. पाणी भरायला इंजिन थांबलं की सगळे मोबाईल घेऊन खाली.

"आजी, यही है ना?" उन्नतीनं विचारलं.

बेबीताईंनी खिडकीतून डोकं काढून नीट पाहिलं. वाफेचा वास अगदी तोच होता. पण खाली हिरवंगार होतं आणि गार वारा सुटला होता.

"हे नाही गं. माह्या गाडीले हार होते. अन् पहाडावरून विस्तव वाहे."

एरवी मोहित हसला असता. या वेळी तो हसला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं खिडकीबाहेर. आणि तो हसला नाही याचीच बेबीताईंना धडकी भरली.

घरी आल्यावर सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. दूध उतू गेलं, कुलपात किल्ली तशीच राहिली, उन्नतीला चुकून नणंदेच्या नावानं हाक मारली. आधी अशा गोष्टींवर घर हसायचं, आता गप्प बसायचं. मोहितनं डॉक्टरकडे नंबर लावला. बेबीताई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता. गाडी खोटी असेल तर आपणही मायच्याच वाटेला लागलो. आणि गाडी खोटी असेल तर बाबा तरी कुठं उरले?

डॉक्टरकडे जायच्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "आधी कैंपात घे. धोंडबाकाकाले भेटून घेऊ."

"अभी? कावून?"

"अजून ओळखतो मी त्यायले, म्हणून. पुढचं कोणी पाहिलं?"

मोहितनं किल्ली फिरवली. त्यानं गाडी कैंप-एकच्या जुन्या वस्तीकडे वळवली.

धोंडबा म्हणजे केवलराम प्लांटात चालवायचा त्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन. रिटायर झाल्यावर आमगावकडे आपल्या गावी गेला तो तिकडचाच झाला. आता पाय गेले, नजर गेली, म्हणून मुलानं उचलून कैंपात आणलेला. पहाडाचं त्याला विचारावं असं बेबीताईंच्या कधी मनातही आलं नव्हतं. प्लांटातल्या माणसाला पहाडाचं काय विचारायचं?

धोंडबा अंगणात बाजेवर, लिंबाच्या सावलीत पडला होता. सून दामिनी त्याच्या कानाशी वाकून ओरडली, "मामाजी, बेबीताई आल्या! केवलराम डायवरची मुलगी!"

"केवलरामची?" म्हातारा कोपरावर उठला. "कोणती? ते शिट्टीवाली?"

"कोणती शिट्टी, काका?"

"आता इचारते कोणती! अवं, सोडतच नव्हती ना तू दोरी. विश्वकर्मा पूजेचा दिवस. साऱ्या प्लांटातल्या लोकायची लेकरं आली होती. इंजिनाले हार घातले, मागं एक उघडा डबा जोडला, त्यात बाकडे टाकले, अन् लेकरायले फिरवून राहिलो होतो. लाईन लागली होती, लाईन! तू डायवरची पोरगी, तू कायले डब्यात बसतं? तू इंजिनात. बाबानं पोटाशी धरली, अन् तू शिट्टीची दोरी धरली. वरपर्यंत कोकलत गेलं इंजिन. माहे कान गेले ते तवापासून!"

दामिनी पदर तोंडाला लावून हसली. आपण एक शब्द जास्तीचा बोललो तर म्हातारा आपलीच गोष्ट आपल्याला परत सांगेल, या भीतीनं बेबीताईंनी पुढं विचारलंच नाही. मोहितच पुढं सरकला.

"बाबाजी, वरपर्यंत म्हणजे कुठं?"

"पहाडावर."

"प्लांटमें पहाड?"

"तर! स्लॅगचा पहाड. भट्टीतून लोखंड निघे, अन् त्याचा मळ येगळा निघे. तो तापलेला मळ मोठमोठ्या हंड्यायनं वर न्यायचा अन् पलटवून द्यायचा. ओतू ओतू एवढा पहाड झाला होता. त्याच्यावर रूळ टाकले होते आमी. साजंच्या टायमाले हंडा पलटवला का लाल पूर ये खाली. लेकरं चिल्लावत. हे नाही चिल्लावली. हे म्हणे, बाबा, अजूक सांडवा!"

मोहित आईकडे बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. "अरे! तो डंप! आई, मी लागलो तेव्हा तिथं उकरायचंच काम चालू होतं. सगळा मळ सिमेंटवाल्यांकडे गेला."

"मंग घराघरात गेला तिचा पहाड," धोंडबा म्हणाला. "तुह्या घराच्या सलाबमधे पाहाय, असंल थोडा."

बेबीताई हसू लागल्या आणि हसता हसता बाजेच्या कडेवर बसल्या. इतक्या वर्षांचं ओझं एकदम डोक्यावरून उतरलं की मान हलकी होते, तसं झालं. बाबा खरे होते. सायकल खरी होती. प्लांटाच्या गेटापर्यंतच तर जायचं होतं!

मग मधेच त्या थबकल्या. "पण काका, शिट्टीचं मले काहीच याद नाही."

"नसंल. मले तुह्या बाबाच्या शर्टाचा रंग याद नाही. सारं कोणाले याद राहाते, बाई?"

या बोलण्यानं बेबीताईंना जितकं बरं वाटलं, तितकं औषधानंही वाटलं नसतं. विसरणं म्हणजे लगेच मायची वाट नव्हे.

"बाबा काही बोलले होते का वर?"

धोंडबानं विचार केला. "बोलला ना. म्हणे, धोंडबा, पोरगी मोठी झाल्यावर कोणाले सांगन तर कोणी भरोसा नाही करन."

मोहितनं मान खाली घातली. "चल आई," तो म्हणाला, "नंबर निकल जाएगा."

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. वयाच्या मानानं ठीक आहे, म्हणाले. परत येताना मोहितनं आपणहून देवानंदला फोन लावला आणि मोबाईल आईच्या हातात दिला. बेबीताईंनी भावाला पहिलंच वाक्य असं ऐकवलं, "पाळण्यातल्या, ऐक आता!"

त्या उन्हाळ्यानंतर त्या दोनदा कैंपात जाऊन आल्या. तिसऱ्यांदा उन्नतीला न्यायचं ठरलं होतं, ते राहिलं. धोंडबा त्याच वर्षी, दोन हजार चोवीसच्या सप्टेंबरात, पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कैंप-एकच्या घरी वारला.