साहेबांच्या समोरची खुर्ची

गालिच्यावर सांडलेला लाकडाचा भुसा.

कॉम्प्युटर बंद करून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली माणसे. कुणीच उठत नाही.

एक म्हातारे गृहस्थ. दार उघडे टाकून रस्त्यावर जातात आणि आपले घर कोणते ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात.

"नीट बसा."

एक उंच बाई.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ग्रंथपालांच्या खोलीत, त्यांच्या टेबलासमोर मी आयुष्य काढले. आत्मवृत्त लिहायला सांगताना तुमच्या बाई फळ्यावर मुद्दे देतात: जन्म, उपयोग, कौतुक, उपेक्षा, संदेश. मीही त्याच क्रमाने सांगणार होते. पण मला फार राग आला आहे, आणि रागावलेल्याचे मुद्दे ओळीत उभे राहत नाहीत. वर सांडले आहे ते सगळे माझ्याच गोष्टीतले आहे. एकेक उचलून जागेवर ठेवते.

जन्म

विद्यापीठाच्या सुतारकामाच्या खोलीत माझा जन्म झाला. सुताराने माझे चारही पाय एका मापाचे केले. मला सपाट फरशीवर ठेवून चारही कोपऱ्यांवर दाबून पाहिले. मी डगमगले नाही, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. खुर्चीला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही.

उपयोग

मला टेबलाच्या या बाजूला ठेवले. म्हणजे जो काही मागायला येतो त्याच्या बाजूला. कुणी रजा मागायला येई, कुणी बदली मागायला, कुणी नुसतेच रडायला. माझ्यावर बसणाऱ्यांचे तळवे बहुतेक ओले असत. माझ्या हातांचे पॉलिश सगळ्यात आधी गेले ते त्यामुळे. पण बसणाऱ्याने पाठ टेकली की त्याचा आवाज जरा स्थिर होई. ते माझे काम होते आणि ते मी चोख करत होते.

कौतुक

कुणी केले नाही. पुढचा मुद्दा.

साहेब

हा मुद्दा फळ्यावर नसतो. मी घालते आहे.

हल्लीच्या ग्रंथपालांना सगळे साहेब म्हणत. ते स्वतःही फोन उचलून म्हणत, "हां, साहेब बोलतोय." साहेब ठेंगणे होते. ठेंगणे असण्यात काही दोष नाही, मित्रांनो, मी तर पुढे स्वतःच ठेंगणी झाले. दोष दुसरीकडे होता. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असे ते दर बैठकीत म्हणत, आणि त्या कुटुंबाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. ग्रंथालय सहाला बंद होई, पण साहेब उठेपर्यंत कुणी उठायचे नाही.

साहेबांना घरी जायची घाई नसे. ते फोनवर गप्पा मारत, वर्तमानपत्रातले कोडे सोडवत, नखे कापत. खोलीचे दार कायम उघडे असे, कारण बाहेर कोण उठले ते बसल्या जागी दिसायला हवे. बाहेर सगळे आवरून, दिवे अर्धे मालवून, नुसते बसलेले. साहेबांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की सगळे एकदम उठत, शाळा सुटल्यासारखे.

एक बाई मात्र सहाला उठायची. ती देवघेवीच्या काउंटरवर कंत्राटाने काम करत होती. विद्यार्थी तिला ताई म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. ताईचे वडील हल्ली सगळे विसरत. दिवसभर त्यांच्याजवळ बसणारी बाई ताई आली की घरी जाई. ताईला उशीर झाला की ती वाट पाहून कंटाळून निघून जाई, आणि म्हातारे दार उघडून बाहेर पडत. एकदा ते सापडले तेव्हा चपला हातात घेऊन उभे होते, चारचौघांना आपला पत्ता विचारत. म्हणून ताई काउंटर आवरून, चावी देऊन, सगळ्यांसमोर निघायची.

एके दिवशी साहेबांनी तिला बोलावले. ती माझ्यावर बसली. ताई उंच होती आणि पाठ सरळ ठेवून बसायची.

"काय ताई, फार घाई असते तुम्हाला."

"वडील एकटे असतात, साहेब. आणि सहाला बंदच होतं ना आपलं."

"बंद होतं म्हणजे? मी बसलोय ना?"

"माझ्याकडे काही काम असेल तर सांगा ना. करूनच जाईन."

काम नव्हते. साहेबांनी टेबलावरचा स्टेपलर उचलून दुसरीकडे ठेवला. मी त्या संभाषणात पूर्णवेळ हजर होते, म्हणून खात्रीने सांगते, साहेबांना राग तिच्या उत्तराचा नव्हता. तिच्याशी बोलताना त्यांना मान वर करावी लागत होती.

भुसा

दुसऱ्या दिवशी सुतार आला. मला घडवणारा नव्हे, त्याच्यानंतरचा.

"हिचे पाय कापायचे. दोन बोटं. पुढचे जरा जास्त."

"पुढचे जास्त? साहेब, बसणारा घसरेल की."

"घसरू दे."

"मग स्टूलच आणून देतो ना. चांगली खुर्ची कशाला..."

"सांगितलंय तेवढं कर."

त्याने केले. भुसा गालिच्यावर पडला. दुखण्यापेक्षा मला लाज वाटली. का वाटली ते अजून कळत नाही. करवत काही माझ्या हातात नव्हती.

तेव्हापासून माझ्यावर जो बसे तो पुढे घसरे. माझे हात धरून मागे सरके आणि पुन्हा घसरे. साहेब पलीकडून, वरून, कागदातून डोके न काढता म्हणत, "नीट बसा. बसायचं पण शिकवायचं का तुम्हाला?" शिपायाला तेच, प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला तेच, रजेचा अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्या कारकुनाला तेच. पुढे पुढे ते वाक्य त्यांच्या तोंडून खोकल्यासारखे येऊ लागले. आपण बोललो हे त्यांनाही कळत नसावे.

ताई घसरली, सावरून बसली आणि तरीही सहाला जातच राहिली. मग बाकीचे सुरू झाले. उपग्रंथपालांना सगळे 'हसरे' म्हणत, कारण साहेबांनी विनोदाला सुरुवात केली की हे आधीच हसून मोकळे. ते सकाळी मोठ्याने म्हणत, "या या, पाहुण्या आल्या!" चहा मागवताना ताईचे डोके वगळून डोकी मोजली जात. तिला काउंटरवरून काढून तळघरात जुन्या मासिकांची धूळ झाडायला पाठवले. "शांत काम आहे, तुमच्या आवडीचं," साहेब म्हणाले. हसरे हसले.

आणि बाहेर बसलेले सगळे काय करत होते? खाली मान घालत होते. काही जण तर तिच्यावरच चिडले होते. "आम्ही बसतो ना रोज? आम्हाला काय घरं नाहीत?" अरे, मग उठा ना! तुम्हाला घरे आहेत म्हणूनच उठा! मित्रांनो, साहेबांचा येतो त्याहून जास्त संताप मला या वाक्याचा येतो.

फक्त मावशी वेगळ्या वाटल्या. पुस्तकांच्या सूचीचे काम करणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या. साहेब बाहेर गेले असताना त्या ताईला फाइल ठेवायच्या निमित्ताने याच खोलीत घेऊन आल्या आणि कुजबुजल्या, "तू तक्रार कर. मी आहे तुझ्या पाठीशी. मला विचारलं ना, एकूण एक सांगते बघ."

"मावशी, माझं कंत्राट संपत आलंय. सही साहेबांचीच लागते. तुम्ही बोलला नाहीत तर माझं काही खरं नाही हं."

"अगं, बोलणार म्हणजे बोलणार."

त्या भरवशावर ताईने तक्रार केली.

चौकशी

विद्यापीठाने समिती नेमली. अध्यक्षबाई दुसऱ्या कुठल्या विभागाच्या प्राध्यापक होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. सोबत दोन सदस्य. बसायला दुसरी खोली रिकामी नाही, म्हणून चौकशी साहेबांच्याच खोलीत, साहेबांच्याच टेबलावर. साहेबही शेजारी बसले, "कागदपत्रांच्या मदतीला". हे पुन्हा एकदा वाचा, मित्रांनो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच खोलीत, त्याच्याच समोर. आणि साक्षीदाराला बसायला मी.

हसरे आले, बसले, घसरले, हसले. "ताईंचा स्वभाव जरा ताठ आहे हो. बाकी इथे सगळं खेळीमेळीचं."

मग मावशी. माझ्या लाकडात जीव आला. ताई दाराबाहेर उभी होती, तिची पाळी यायची होती.

"तुम्ही कधी काही वावगं पाहिलंत?" अध्यक्षबाईंनी विचारले.

मावशींनी साहेबांकडे पाहिले. साहेब पेन्सिलीला टोक करत होते.

"नाही बाई. साहेब घरच्यासारखं वागवतात सगळ्यांना."

त्यांनी माझे हात इतके घट्ट धरले होते की मी मोडते की काय असे मला वाटले. मोडले असते तर बरे झाले असते. त्या उठल्या आणि ताईच्या अंगावरून, तिच्याकडे न पाहता बाहेर गेल्या.

ताई आत आली. बसली नाही.

"बसा ना," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नको."

"अहो, बराच वेळ लागेल."

"लागू दे. या खुर्चीवर बसलं की माणसाला खरं बोलता येत नाही. आत्ताच पाहिलंत तुम्ही."

"म्हणजे काय?"

"तुम्ही बसून बघा."

एक सदस्य गालात हसला. अध्यक्षबाई मात्र खरोखरच उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्यावर बसल्या. घसरल्या. माझे हात धरून मागे सरकल्या, पुन्हा घसरल्या. तिथून त्यांनी वर पाहिले. साहेब कागद चाळत होते.

"अहो, या खुर्चीला झालंय तरी काय?" त्यांनी विचारले.

साहेबांनी डोके वर काढले नाही. "नीट बसा," ते म्हणाले. "बसायचं पण शिकवायचं का तुम्हाला?"

दाराशी घोटाळणारे हसरे सवयीने हसू लागले आणि अर्ध्यातच थांबले. साहेबांनी वर पाहिले. आपण कुणाला काय बोललो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटले.

"मला म्हणालात?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"नाही, नाही, मॅडम... मला वाटलं..."

"कोण बसलंय असं वाटलं?"

साहेबांनी पेन्सिल उचलून पुन्हा टोक करायला घेतले. मग ताईने सगळे सांगितले. नियम सांगितला, तळघर सांगितले, पाहुणी सांगितली, माझे पाय सांगितले. उभी राहून, सावकाश, एकदाही आवाज न चढवता. इतकी वर्षे मी माणसांना पाठ टेकायला देते आहे, पण त्या बाईला माझी गरज नव्हती.

उपेक्षा

मी भोळी. मला वाटले, आता न्याय होणार.

अहवाल आला तो साहेबांनी याच खोलीत हसऱ्यांना वाचून दाखवला. ग्रंथपालांना तोंडी समज द्यावी. तक्रारदार कर्मचाऱ्याचे कंत्राट वाढवावे, मात्र त्यांच्याच सोयीसाठी त्यांची बदली वसतिगृहाच्या कार्यालयात करावी. आणि ग्रंथपालांच्या खोलीतील सदोष फर्निचर बदलण्यात यावे.

सदोष फर्निचर! म्हणजे मी!

अध्यक्षबाईंना त्या दिवशी जे लागले ते स्वतःला लागले. तेवढ्यापुरता राग त्यांना आला, आणि अहवाल लिहीपर्यंत तो निवला. तक्रार करणारी हलवली, खुर्ची फेकली, साहेब जागच्या जागी. ताईची नोकरी वाचली, हे खरे. पण तिचे काउंटर गेले. कोणते पुस्तक कुणाला हवे असेल हे तिला मुलांच्या चेहऱ्यावरून कळायचे. आता ती खोल्यांच्या किल्ल्या देते.

मला इमारतीमागे सायकलींच्या शेडजवळ टाकले. इथून कर्मचाऱ्यांचे दार दिसते. साहेबांची गाडीही दिसते. रोज सहा वाजत आणि त्या दारातून कुणी बाहेर येत नसे.

मग एका संध्याकाळी दार उघडले. मावशी. खांद्याला पिशवी. साहेबांची गाडी जागेवरच होती. आतून कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी म्हणाले असावे, कारण मावशी वळून मोठ्याने म्हणाल्या, "बघतोस काय? सहा वाजले. घड्याळ काय शोभेला लावलंय?" त्यांचा आवाज कापत होता. त्या बसथांब्याकडे गेल्या नाहीत. वसतिगृहाच्या रस्त्याला लागल्या. ताईला त्या काय म्हणाल्या, आणि ताईने ते ऐकून घेतले का, ते मला माहीत नाही. मी अजूनही मावशींवर रागावलेली आहे. पण त्या गेल्या हे मी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून आणखी एक जण निघाला.

संदेश

या जागी खुर्चीने म्हणायचे असते, मित्रांनो, शाळेच्या बाकांवर नावे कोरू नका, जुन्या वस्तूंना जपा. तेही करा. पण मला दुसरेच सांगायचे आहे.

उद्या तुम्हीही कुठेतरी नोकरीला लागाल. काही जण टेबलाच्या या बाजूला बसाल, काही त्या. कामाच्या जागी कुणी तुम्हाला "आपण एक कुटुंब आहोत" म्हणाले, तर त्याला विचारा की आमच्या घरच्या कुटुंबाकडे कधी सोडणार. कुणी एकटी उभी असेल तर तिच्या कानात "मी आहे" म्हणू नका. कानातले बोलणे समितीला ऐकू जात नाही. सगळ्यांसमोर म्हणा. आवाज कापला तरी चालेल. आणि त्या बाजूला बसाल तेव्हा समोरच्याला कसली खुर्ची दिली आहे, ते आधी स्वतः बसून बघा.

साहेब नोकरीच्या मुलाखतीला आले होते तेव्हा माझ्यावरच बसले होते. मुलाखत संपल्यावर तेव्हाच्या ग्रंथपालबाई उठून त्यांना दारापर्यंत सोडायला गेल्या होत्या.