कोऱ्या फॉर्मवरची सही

आमच्या अंबरनाथच्या केमिकल कारखान्यातलं सॉफ्टवेअर दर पंधरा दिवसांनी सुधारायचं, असं वरून फर्मान आलं. मंजुरी देणारी समिती मात्र महिन्यातून एकदाच बसायची. वेग नवा, सह्यांचे रकाने जुने. पहिली सही माझी, सुरक्षा अधिकारी मालिनीची. ती दिसली की बाकीचे चौघे डोळे झाकून सह्या ठोकायचे.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी रजेवर निघाले, तेव्हा सॉफ्टवेअरच्या एका टीमची प्रमुख प्राची रडकुंडीला आली. "मॅडम, आमचं काम परत लटकणार!" मला दया आली. सहा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. वर स्वतःलाच शहाणी समजले.

त्यातल्या तिसऱ्या फॉर्मवर गेलेल्या बदलाने आम्लाची टाकी भरली की वाजणारा भोंगा बंद पाडला. आम्ल उतू गेलं आणि हरिचंद्र या जुन्या ऑपरेटरचा हात भाजला.

रजेवरून परतल्यावर मी बदलापूरला त्याच्या घरी गेले. हाताला बँडेज, समोर गार झालेला चहा.

"मॅडम, भोंगा आयकूच नाय आला. मी तिथंच उभा व्हतो," तो म्हणाला. "कानाच्या डॉक्टरला दाखवून आलो. तो बोलला, कान बरे हायेत. पन मला भरवसा नाय वाटत."

मला तिथे बसवेना. चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे प्रमुख विक्रांत साहेबांनी चौकशीचा अहवाल पुढे सरकवला. 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा. नोकरीतून कमी करावे.' चोर सोडून संन्याशाला फाशी! खाली चार सह्या तयार होत्या.

"फॉर्मॅलिटी आहे, मॅडम. सही मारा. तुम्ही पण सुटाल, प्राची पण."

सुटावंसं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पेन हातात धरून मी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग माझ्या रकान्यात लिहिलं : भोंगा वाजलाच नव्हता. मंजुरीचा फॉर्म मी कोराच सही करून दिला होता.

साहेबांचा चेहरा उतरला. "याच्यावर बाकीच्यांच्या सह्या आहेत!"

"मग त्यांनाही आता वाचू दे."

बाहेर येऊन हरिचंद्रला फोन लावला. "तुमचे कान चांगले आहेत. भोंगाच बंद होता."



"कोनी बंद केला, मॅडम?"

"सही माझी होती," मी म्हणाले.