परदेशी गाडीतला देशी कार्बुरेटर

मोडीत निघालेल्या एका जीपचा मी जुना कार्बुरेटर. इंजिनाच्या श्वासात पेट्रोलचे तुषार मिसळणे हे माझे काम. ते मी मेंदूवाचून, केवळ हवेच्या ओढीने करतो. पण म्हणून मला कोणी अडाणी म्हटले, तर मित्रांनो, मी ते मान्य करणार नाही.

पनवेलला महामार्गालगत प्रभाकर मिस्त्रींचे गॅरेज आहे. जीप भंगारात निघाली तेव्हा त्यांनी मला सोडवून घेतले, रॉकेलने धुतले आणि फळीवर ठेवले. तेथे मी धूळ खात पडून होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक परदेशी गाडी दोराने ओढत तेथे आणली गेली.

ती आपटा गावच्या डॉक्टर नीताताईंची. त्यांचे थोरले बंधू अविनाशराव यांनी मस्कतहून परतताना ती आणली होती आणि बहिणीला वापरायला दिली होती. तिच्या इंजिनात पेट्रोल फवारण्याचा हुकूम एक छोटा संगणक देत असे. तो बिघडला आणि त्याच्या जोडीचा दुसरा कोठेच मिळेना. गाडीवाचून डोंगरातल्या वाड्यांवरची नीताताईंची फेरी थांबली होती.

"फवारणी काढतो आणि हा बसवतो," मला पुढे करून मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, घोड्याला बैलाचं जू लावताय," अविनाशराव म्हणाले.

"साहेब, घोडा तर बसलाय. उठवून बघू या."

"त्यापेक्षा सुट्या भागांसाठी गिऱ्हाईक आलंय, त्याला देऊन टाकतो."

"दादा, आधी कर्नाळ्याचा चढ तर चढू दे," नीताताई म्हणाल्या. "नाही चढली, तर विकून टाक."

मिस्त्रींनी ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून माझ्यासाठी बैठक घडवली. कानशीने घासायचे, पट्टी उजेडात धरायची, फट दिसली की पुन्हा घासायचे. कारखान्यात मला साच्यात ओतले होते. इतक्या जिव्हाळ्याने कोणी मापले नव्हते. फवारणीच्या तोट्यांची भोके त्यांनी बुजवली. टाकीकडून मात्र दोन नळ्या येत होत्या. जन्मभर एकाच नळीच्या गाड्या पाहिलेल्या मिस्त्रींनी दुसरी निकामी समजून घट्ट बांधून टाकली.

किल्ली फिरली आणि माझा घसा पेट्रोलने भरला. टाकीतला पंप फवारणीसाठी बनवलेला. त्याच्या रेट्यापुढे पेट्रोल अडवणारी माझी नाजूक सुई टिकेना. पेट्रोल ओसंडले आणि इंजिन गुदमरून थांबले.

"संपलं," अविनाशराव म्हणाले. "गिऱ्हाईकाला निरोप धाडतो."

नीताताई मात्र वाकून पाहत होत्या. "मिस्त्री, ही बांधलेली नळी कुठे जाते?"

"परत टाकीत, ताई. आपल्याला काय उपयोग तिचा?"

"म्हणजे हृदय चालू ठेवलंत, धमनी ठेवलीत आणि शीर बांधलीत. रोगी फुगेल नाही तर काय?"

मिस्त्री खदखदून हसले. "ताई, उद्यापासून दवाखाना मी बघतो. तुम्ही गॅरेजात बसा."

त्यांनी ती नळी मोकळी केली आणि माझ्या अलीकडे तीन तोंडांचा सांधा बसवला. जास्तीचे पेट्रोल टाकीकडे परतू लागले. माझ्यापर्यंत पोहोचला तो सौम्य ओघ. इंजिन एका सुरात बोलू लागले. एकाची निगुती आणि दुसरीची नजर अशी एकत्र आलेली पाहणे, हे माझ्या आयुष्यातले भाग्य होय.

"चढावर मीच चालवणार," अविनाशराव म्हणाले. "मायेने कोणी हळू न्यायला नको."

कर्नाळ्याच्या ऐन चढावर त्यांनी मुद्दाम वेगाचे पेडल दाबले. मी एकदा ठसकलो. नीताताईंनी दाराची कडी घट्ट धरली. मग मी हवेची ती मोठी ओढ अंगावर घेतली, तितकेच पेट्रोल तिच्या हवाली केले, आणि गाडी माथ्यावर आली. अविनाशरावांनी ती पनवेलकडे वळवली नाही.

"तुझी वाडी कुठल्या बाजूला?" एवढेच त्यांनी विचारले.

वाडीच्या वाटेवर दिवस भरत आलेली चिंधी नावाची बाई उभी होती. "बाय, आमाला वाटलं, तुमी आता येत नाय," ती म्हणाली.

नीताताई पिशवी घेऊन उतरल्या. "दादा, इंजिन चालूच ठेव हं, न जाणो, परत लागलं नाही तर."

अविनाशरावांनी किल्ली फिरवून ते बंद केले. "लागेल परत," ते म्हणाले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला याहून मोठा मान मिळत नसतो. त्या विश्वासाला मी जागावे असे वाटत असेल, तर पेट्रोल गाळणारी माझी जाळी तेवढी वेळच्या वेळी स्वच्छ करा.