ओली दिली, कोरडी घेतली

ज्या वर्षी आमच्या मालकांच्या घरी जुळ्या नाती जन्मल्या, त्या वर्षी मी त्यांच्या अंगणात आले. मित्रांनो, मी एक जुनी भाड्याची मोटार आहे. नातींना बघायला आलेले पाहुणे आधी मला बघत आणि मग घरात जात. "ही आमची तिसरी नात," असे मालक हसून सांगत. तेव्हा माझा रंग पिकल्या लिंबासारखा होता.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाने दार बसवले, दुसऱ्याने काच, तिसऱ्याने चाके. त्यामुळे मला आईबाप सांगता येत नाहीत. घरची गाडी एका घराची असते. भाड्याची गाडी सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नसते. तरी सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. मी नवरीला सासरी पोहोचवले. परीक्षेला उशीर झालेल्या मुलीला वेळेवर नेले. उतरताना लोक माझ्या टपावर थाप मारत. ती थाप हीच माझी कमाई होती.

पुढे मालक थकले आणि गल्ल्यावर त्यांचे जावई बसू लागले. सारे गाव त्यांना जावईबापूच म्हणे. माणूस दुष्ट नव्हता, पण सासऱ्यांना फार भीत असे. एका सकाळी मला मागे घेताना त्यांनी माझे डावे दार फाटकाच्या लोखंडी खांबाला घासले. ओरखडा खोल नव्हता, पण चांगला हातभर लांब होता.

"काय हो, कसला आवाज?" मालकांनी आतून विचारले.

"काही नाही मामा, फाटक कुरकुरतंय. तेल घालायला झालंय."

झाले! माझ्या दुखण्यावर तेवढे तेल पुरले.

आमच्या अंगणात एक पद्धत होती. गाडी देताना धुवायची आणि निथळत्या अंगानेच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. ओल्या अंगावर असा ओरखडा दिसत नाही. पाणी त्यात भरते आणि रंग एकसारखा वाटतो. गिऱ्हाईक खूश होते, की गाडी ताजी धुऊन दिली. परत आल्यावर मात्र तिला उन्हात उभी करायची, कोरडी होऊ द्यायची आणि मग तपासायची.

अशीच ओली असताना मला एक बेकरीवाले घेऊन गेले. साठीचे गृहस्थ होते, भट्टीपुढे उभे राहून भुवया विरळ झालेल्या. त्यांनी शहाण्या माणसासारखे माझे चारी बाजूंनी फोटो काढले. फोटोंत काय आले? पाण्याचे थेंब.

बायकोला शेजारी बसवून ते डोंगरावरच्या दवाखान्यात गेले. तिथे त्यांची थोरली बहीण होती. आई लवकर गेल्यामुळे या ताईनेच त्यांना वाढवले होते. ताईला चाकांच्या खुर्चीतून उन्हात आणले आणि माझ्या मागच्या सीटवर बसवले. दार उघडे ठेवून तिघांनी भावाने आणलेला पाव खाल्ला. ताईला दोन घासांपुढे गेला नाही.

"कडक झालाय का गं?" भावाने विचारले.

"पाव मऊ आहे रे. माझे दातच संपावर गेलेत." मग ती हळूच म्हणाली, "मला घरी ने. इथल्या भिंतीसुद्धा मला ओळखायला लागल्यात."

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण तिला आडवे झोपवूनच न्यावे लागणार होते. माझी मागची सीट पूर्ण आडवी होते. "पुढच्या रविवारी हीच गाडी घेऊन येतो, ताई," भाऊ म्हणाला.

"ये. आणि हा चुरा झाड आधी. उसनी वस्तू घासूनपुसून परत द्यावी."

त्या भल्या माणसाने तेच केले. परत देण्याआधी बेकरीसमोर उभी करून नवरा-बायकोने मला आतून झाडले, बाहेरून पुसले. डाव्या दारावरचा ओरखडा बायकोला दिसला. "हे आधीचंच दिसतंय," असे म्हणत त्यांनी तिथे पॉलिश लावून जरा जास्तच घासले. परक्या गाडीचे दुखणे थोडे कमी करून द्यावे, एवढाच त्यात हेतू होता. इतक्या मायेने मला कोणी कधी चोळले नव्हते. माझा घात त्या मायेनेच केला. बाकी अंग मळकट पिवळे होते आणि डाव्या दारावर तेवढा चकचकीत पट्टा उठून दिसू लागला.

जावईबापूंनी मला उन्हात पाहिले. "हे काय, काका? घासलंत कशाला?"

"स्वच्छ करायला."

"फक्त इथंच? लपवायचं होतं, असं सरळ सांगा की."

काकांनी फोटो दाखवले. "बघा ना, यात ओरखडा कुठंय?" जावईबापू म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडे असतानाच पडला." त्यांनी अनामत रक्कम अडकवून ठेवली आणि 'नुकसान माझ्या हातून झाले' अशा मजकुराच्या कागदावर सही मागितली. सही करीपर्यंत गाडी मिळणार नव्हती.

मित्रांनो, मला हॉर्न आहे, पण वाचा नाही. खांब चार पावलांवर उभा होता. त्यावर माझा पिवळा रंग अजून लागलेला होता. कोणीतरी मान वळवून बघावे, म्हणून मी आतल्या आत तडफडत होते. कोणी बघितले नाही.

काका रोज भट्टी उरकून येत आणि वाद घालत. गावात भाड्याच्या गाड्या आमच्याकडेच, आणि पूर्ण आडवी होणारी सीट त्यांत एकट्या माझीच. टॅक्सीवाले आडवा रुग्ण घेऊन घाट उतरायला तयार नव्हते. शुक्रवारी काकूही बरोबर आल्या आणि माझ्या बॉनेटजवळ दोघांचे भांडण झाले.

"करून टाका सही."

"अगं, सही केली की मी खोटा ठरलो."

"ठरा खोटे! खोट्या माणसाला गाडी तरी मिळेल. खरेपणावर ताईंना झोपवून आणणार आहात का?"

काका बराच वेळ माझ्या दारावरून हात फिरवत राहिले. मग आत जाऊन त्यांनी सही केली.

जावईबापूंनी कागद घडी करून ठेवला. "आता गाडी सोमवारी न्या. मामांनी सही बघितली की रंगवायला पाठवा म्हणतील."

"अहो, मला रविवारी हवीय!"

"माझ्या हातात असतं, तर दिली असती हो."

मला रंगवायला कोणी नेले नाही. शनिवारी मी अंगणात होते. रविवारीही अंगणात होते, सीट आडवी होत होती, टाकीत पेट्रोल होते. त्या ओरखड्याचे पैसे नंतर आणखी दोन गिऱ्हाइकांनी भरले. तो आजही माझ्या दारावर आहे.

मुलांनो, भाड्याची गाडी घ्याल तेव्हा ती कोरडी होईपर्यंत थांबा. घाई असली तरी थांबा. आणि तुमच्या हातून एखादी वस्तू खरचटली, तर तिथल्या तिथे सांगा. बोलणी बसतील, ती खा. आपण गिळलेला शब्द दुसऱ्याला फेडावा लागतो. हे मला कळते, पण सांगून काय उपयोग झाला असता, ते मला कळत नाही. मी तर गाडी आहे.

सोमवारी काका एकटेच आले. त्यांनी किल्ली घेतली नाही.

"गाडी नको आता," ते म्हणाले.

जावईबापूंनी खाली बघितले. वही पुढे ओढून विचारले, "मग बुकिंग रद्द धरू ना?"

काकांची ताई रविवारी दुपारी दवाखान्यातच वारली.